विणकरांच्या गटात शिरताना: पहिल्या भेटीपासून सामायिक ताण्यापर्यंत

‘विणकाम’ हा शब्द मराठीत फार मोठा संसार सांभाळतो. सुयांवरचा स्वेटर, क्रोशाचा रुमाल आणि मागावरचं कापड, सगळं विणकामच. त्यामुळे ‘इथे विणकाम करणारा एखादा गट आहे का?’ असं विचारत फिरलं की बहुतेक वेळा सुयांवाल्यांच्या बैठकीत पोचायला होतं. त्यात वाईट काही नाही, सुताची पारख असलेली माणसं तिथेही भेटतात. पण मागावरच बसायचं असेल तर विचारतानाच ‘हातमाग’, ‘सूतकताई’, ‘नैसर्गिक रंगाई’ असे नेमके शब्द वापरा. आणि विचारा कोणाला? सूत विकणाऱ्याला, मागाचं लाकूडकाम दुरुस्त करणाऱ्या सुताराला, वस्त्रकला शिकवणाऱ्या संस्थेत भांडार सांभाळणाऱ्याला, लोकर विकणाऱ्या मेंढपाळाला. कोण किती सूत उचलतं हे या चौघांना बरोबर ठाऊक असतं.

गट कोणता ते आधी ओळखा

कताईचा कट्टा सगळ्यात सोपा. टकळी किंवा घडीचा चरखा घेऊन यायचं, बसायचं, कातायचं. सामान पिशवीत मावतं, चूक झाली तर धागा तुटतो आणि पुन्हा जोडता येतो. मागघर म्हणजे जिथे गटाच्या मालकीचे माग असतात आणि पाळीपाळीने वापरले जातात. तिसरा प्रकार अभ्यासगटाचा: सहा ते दहा जण मिळून एखादी वीण निवडतात, प्रत्येक जण तिचा नमुना विणतो आणि सगळ्यांना एकेक तुकडा देतो. नवख्याने या तिसऱ्याच्या वाटेला लगेच जाऊ नये. नमुन्याबरोबर विणीचा आराखडा, सुताचा क्रमांक आणि धाग्यांची घनता लिहून द्यावी लागते, आणि तुमचा एक तुकडा उशिरा आला तर बाकी सगळ्यांची नमुन्यांची वही अर्धी राहते.

मागघरात नाव घालण्यापूर्वी दोनदा पाहुणे म्हणून जाता येईल का ते विचारा. ‘माग किती आहेत?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ‘आत्ता किती मागांवर ताणा चढलेला आहे?’ असं विचारा. ताणा म्हणजे मागावर लांबीत ताणून बसवलेले धागे. दहा माग आणि दोनच ताणे दिसले, तर बाकीचे आठ नादुरुस्त आहेत किंवा गट थंडावला आहे. एका ताण्याला किती आठवडे माग अडवता येतो, दुरुस्ती कोण करतं, उरलेलं सूत कोणाचं, आपलं साहित्य ठेवायला जागा मिळते का, शिकवणी वर्गणीतच धरलेली आहे की वेगळी, ही उत्तरंही आधीच घ्या. ‘किती आठवडे?’ याचं उत्तर ‘तसं काही ठरलेलं नाही’ असं आलं तर सावध व्हा. अर्धवट विणलेला ताणा वर्षभर मागावर धूळ खात पडलेला असतो तो अशाच ठिकाणी.

पहिली भेट

माग घेऊन जाऊ नका, घरातलं गुंतलेलं सूतही नको. मांडीवर होईल असं काम, नाव लिहिलेली छोटी कात्री, मोजपट्टी, पेन्सिल, वही आणि दोन रुमाल एवढं पुरे. रुमाल एक पांढरा आणि एक गडद: काळं सूत हाताळताना मांडीवर पांढरा, पांढरं हाताळताना गडद. बारीक धागा पार्श्वभूमीवर उठून दिसला की चुका कमी होतात. अंगठ्या आणि कडी काढून ठेवा, लोंबत्या बाह्या दुमडून घ्या. खडबडीत अंगठीला ताण्याचा एक धागा अडकला तरी तो तुटतो, आणि धागा तुमचा नसतो.

दुसऱ्याच्या मागाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हा नुसता शिष्टाचार नाही. पुष्कळ विणकर उठताना धोटा (आडवा धागा ताण्यातून नेणारं साधन) मुद्दाम डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवून जातात. परत आल्यावर पुढची पावडी (पायाने दाबायची पट्टी) कोणती दाबायची, हे त्यावरून कळतं. तुम्ही कौतुकाने धोटा उचलून पाहिलात आणि दुसऱ्या बाजूला ठेवलात, की विणीत एक ओळ चुकते आणि ती वीसेक ओळी पुढे गेल्यावर दिसते. ‘नुसतं बघत होतो’ हे तेव्हा कामाचं नसतं.

बघायला मात्र भरपूर मिळतं, आणि त्याहून चांगलं म्हणजे एखादं काम मागून घेणं. सगळ्यात सहज मिळणारं काम म्हणजे कांड्या, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची छोटी रिळं, भरणं. ते चांगलं करून दाखवलंत की पुढच्या वेळी तुम्हाला नावाने हाक मारतील. रीत अशी: कांडीच्या दोन्ही टोकांना आधी थोडा उंचवटा करून घ्या, मग मधला भाग भरत या, आणि धागा दोन बोटांच्या चिमटीत सारखा ताणून धरा. भरलेली कांडी अंगठ्याने दाबली तर खळगा पडता कामा नये. सैल कांडीत वरचा धागा खालच्या थरांत रुततो, धोटा अर्ध्या वाटेत हिसका खातो आणि तो हिसका कापडाच्या काठाला बसतो. फार फुगवलेली कांडी धोट्याच्या भिंतींना घासते, तिचाही परिणाम तोच. म्हणून कोणाचा काठ सारखा आत ओढला जात असेल तर विणणाऱ्याच्या हाताला दोष देण्याआधी कांडी तपासायची.

घरी बसवून ठेवायच्या दोन गोष्टी

विणकराची गाठ. एका धाग्याचं टोक दुमडून फास करा. दुसऱ्या धाग्याचं टोक फासातून खालून वर आणा, फासाच्या दोन्ही पायांमागून वळसा द्या आणि स्वतःच्याच धाग्याखाली खोचा. टोकं धरून सावकाश ओढा. गाठ चपटी बसते आणि फणीतून (ताण्याचे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या दातांच्या पट्टीतून) सहज जाते. गुळगुळीत रेशमाला मात्र ती सुटते, तिथे दोन्ही टोकं एकत्र धरून साधी गाठ मारलेली बरी.

दुसरी गोष्ट ताण्यातली फुली. ताणा भरताना, म्हणजे खुंट्यांच्या चौकटीवर धागे मोजून घेताना, एक धागा खुंटीच्या वरून, पुढचा खालून जातो, आणि दोन खुंट्यांमध्ये धागे एकमेकांना ओलांडतात. धाग्यांचा क्रम जपणारी जागा ती एवढीच. खुंट्यांवरून ताणा काढण्यापूर्वी फुलीच्या चारही बाहूंना वेगळ्या रंगाच्या सुताने बांधा, आणि दर मीटरला सगळे धागे एकत्र घट्ट आवळून बांधा. फुली सुटली तर तीनशे धाग्यांचा क्रम पुन्हा लावणं जवळजवळ अशक्य. तेव्हा बांधल्याची खात्री दोन माणसांनी करायची, हा नियम कितीही अनुभवी गटात मोडू देऊ नका.

ताणा चढवण्याच्या दिवशी हजर राहा

गटात खरा प्रवेश मिळतो तो इथे. वर्गणी भरून नाव वहीत चढतं. माणसं मात्र तुम्हाला धरून चालायला लागतात ती तुमचा हात त्यांच्या ताण्याला लागल्यावर, कारण ताणा चढवणं हे एकट्याने नीट होणारं काम नव्हे. एकाने मागे रूळ (ताणा गुंडाळायचा दांडा) फिरवायचा, दुसऱ्याने पुढे ताणा धरायचा. नवख्याला बहुधा धरायचं काम देतात, आणि ते वाटतं तितकं सोपं नसतं.

ताणा दोन किंवा चार जुड्यांत धरा. रूळ एक फेरा फिरला की फिरवणारा थांबतो. मग तुम्ही प्रत्येक जुडी सारख्याच जोराने ओढायची. सतत ओढून धरण्यापेक्षा हे थांबून-ओढणं बरं, कारण थकलेला हात नकळत सैल पडतो. धागे गुंतलेले दिसले की बोटांनी विंचरायचा मोह होतो. तो टाळा. विंचरल्याने सैल धागे पुढे सरकून एका जागी गोळा होतात आणि गुंता घट्ट बसतो. जुडी ताणून धरून तंबोऱ्याच्या तारांसारखी छेडा, किंवा तळव्याने हलकी थोपटा. बहुतेक गुंते तेवढ्यानेच सुटतात.

रुळावरच्या थरांमध्ये जाड कागद किंवा पट्ट्या घालतात. कागद ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंना निदान पाच सेंटिमीटर रुंद हवा. तो अपुरा पडला तर काठाचे धागे ढिगावरून घसरतात, त्यांचा ताण मधल्या धाग्यांपेक्षा वेगळा होतो आणि मीटरभर विणल्यावर काठ लाटांसारखा दिसू लागतो. तेव्हा उपाय काही उरत नाही.

नंतर वह्यांतून, म्हणजे पावडी दाबली की ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या डोळ्यांच्या दोऱ्यांतून, धागे ओवायचे. एक जण फुलीतून क्रमाने धागा देतो, दुसरा आकडीने ओढून घेतो. वीस धागे झाले की थांबून तपासायचं आणि ओढली की सुटेल अशी गाठ मारायची. ठरलेल्या चुका तीन: एखादी वही सुटणं, दोन धागे अदलाबदल होणं, आणि वही ते फणी या टप्प्यात धागे एकमेकांवरून जाणं. तिसरी चूक विणायच्या आधीच पकडता येते. एकेक पावडी दाबून वरच्या-खालच्या धाग्यांमध्ये उघडणारी ताण्यातली फट बाजूने बघा. एखादा धागा फटीच्या मधोमध लोंबकळत असेल तर तो शेजाऱ्यावरून गेला आहे.

सामायिक ताणा: हिशोबासकट

नव्या माणसाला सामावून घ्यायची उत्तम रीत म्हणजे एकच लांब ताणा आणि प्रत्येकाचा त्यावर एक पंचा. सहा जणांचा हिशोब इथे मांडतो. तयार पंचा ४० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब, ताण्याला आणि बाण्याला (आडव्या धाग्याला) दोन पदरी आठ नंबरचं सुती सूत, वीण साधी.

घनता काढायला मोजपट्टीभोवती सूत शेजारी शेजारी गुंडाळा, खेचू नका, आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. साध्या विणीला त्याच्या निम्मे धागे, तिरप्या विणीला सुमारे दोन तृतीयांश. या सुताचे वेढे साधारण १६ येतात, म्हणजे सेंटिमीटरला ८ धागे. रुंदीत काठ आत ओढला जाणं आणि धुतल्यावर आटणं मिळून १५ टक्के धरा: ४० भागिले ०.८५, म्हणजे फणीत ४७ सेंटिमीटर. धागे ४७ गुणिले ८, म्हणजे ३७६. सेंटिमीटरला चार घरं असलेल्या फणीत एका घरात दोन धागे.

लांबी: ६० अधिक दोन्ही टोकांच्या दुमडीला ५, झाले ६५. धुतल्यावर १० टक्के आटतं, म्हणून विणलेला तुकडा ७२ सेंटिमीटर हवा. ताण्याचा धागा विणताना वरखाली वळतो, त्याचे आणखी १० टक्के, म्हणून एका पंच्याला ८० सेंटिमीटर ताणा लागतो. सहांचे ४८०, पंच्यांच्या मधल्या पाच मोकळ्या जागांचे २५, आणि मागाला बांधण्यात व शेवटी न विणता उरणाऱ्या दशांचे ८० सेंटिमीटर. एकूण ५८५, म्हणून ताणा ६ मीटरचा भरा.

३७६ धागे गुणिले ६ म्हणजे २,२५६ मीटर. हे सूत किलोला सुमारे ६,७७० मीटर भरतं, म्हणून ताण्याला ३३५ ग्रॅमच्या आसपास. बाण्याला प्रत्येकी सुमारे २९० मीटर, म्हणजे ४३ ग्रॅम. कांड्यांवर उरतं ते धरून प्रत्येकाला ५० ग्रॅम तोलून द्या.

या योजनेत भांडण होतं ते एकाच जागी: शेवटच्या माणसाला ताणा पुरत नाही. पहिले चार जण ‘थोडंसंच जास्त’ विणतात आणि सहाव्याच्या वाट्याला हातरुमाल येतो. त्यावर उपाय साधा आहे. बरोबर ७२ सेंटिमीटरची सुती फीत कापून कापडाच्या काठाशी टाचणीने लावायची, विणाल तशी टाचणी पुढे सरकवायची, आणि फीत संपली की थांबायचं. मोजताना ताण सैल करा. ताणलेलं कापड लांब दिसतं, आणि मागावर ७२ भरलेला पंचा खाली उतरल्यावर अपुरा निघतो. एक गोष्ट आवर्जून: नवख्याला पहिला किंवा शेवटचा क्रम देऊ नये. पहिल्याला ओवण्यातल्या चुका निस्तराव्या लागतात, शेवटच्याला आखूड ताण्यात अरुंद फटीतून धोटा घालावा लागतो. तिसरा क्रम सगळ्यात सुखाचा.

बाणा घालताना धागा फटीत सरळ ओढू नका. सुमारे ३० अंशांचा उतार ठेवा आणि मग फणी मारा. ताण्याच्या वरखाली वळायला त्याला तेवढी जास्त लांबी लागते, आणि ती मिळाली नाही तर तो काठाकडून ओढून घेतो. ताण्याचा धागा तुटला तर घाबरून उठायचं कारण नाही: नवा धागा वहीतून आणि फणीतून ओवा, पुढे कापडात टाचणी खोचून तिच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा, आणि मागे टोकाला वजन बांधून सोडा. सामायिक ताण्यावर हे झालं की गटाच्या नोंदवहीत नोंद मात्र करा, म्हणजे पुढच्याला ते मागे लोंबणारं वजन कशाचं आहे ते कळेल.

सुताचे आकडे बोलताना

गटात हमखास होणारा घोळ: कोणी ‘दोन-आठ’ म्हणतं, कोणी ‘आठ-दोन’. सुती सुतात दोन्हींचा अर्थ एकच, आठ नंबरचे दोन पदर. पण लोकरीत हाच आकडा बहुधा मेट्रिक पद्धतीने वाचला जातो आणि तेच ‘दोन-आठ’ किलोला ४,००० मीटर भरतं. सुती समजून तेवढ्याच वजनाची लोकर मागवली तर ताणा साठ टक्क्यांच्या आसपासच संपेल. म्हणून गटाची खरेदी एकत्र होत असेल तेव्हा नंबर सांगू नका, किलोला किती मीटर ते सांगा.

रंगाईचा दिवस

लडीला चार ठिकाणी बांधायचं, आठच्या आकारात आणि सैल. घट्ट बांधलं की त्या खाली रंग जात नाही आणि पांढरे पट्टे राहतात. आदल्या रात्री लडी साध्या पाण्यात भिजत घाला, कोरडी लडी डागाळते. लोकरीला तुरटी द्यायची तर कोरड्या लोकरीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. भांडी स्वयंपाकातून कायमची बाद झालेली हवीत, आणि पूड तोलताना तोंडाला मास्क. लोकर गरम पाण्यातून काढून गार पाण्यात बुडवू नका, ढवळूही नका, ती आटून नमदा होते.

दहा जणांच्या लडी एका पातेल्यातून निघाल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. कागदी चिठ्ठी विरते, शाई जाते. म्हणून बांधलेल्या दोरीच्या टोकाला गाठी मारतात: एकीची एक, दुसरीच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. गाठींची यादी भिंतीवर. एवढ्याने दिवसाअखेरचा सगळा वाद मिटतो.

सूत देणं-घेणं आणि कसर

फुकट मिळालेली लोकर घरी आणून कपाटात ठेवणं ही नव्या सदस्याची सगळ्यात महागात पडणारी चूक. कसरीच्या अळ्या लोकर, रेशीम, केस, पिसं खातात, स्वच्छ सुती सुताला सहसा शिवत नाहीत. आलेला प्रत्येक लोकरी गठ्ठा हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर दव धरतं.

सूत कशाचं आहे ते कळत नसेल तर एक तुकडा चिमट्याने धरून, खाली पाण्याची बशी ठेवून जाळून बघा. जळक्या केसांचा वास आणि बोटांनी चुरडणारी राख म्हणजे लोकर किंवा रेशीम. कागदासारखं जळून मऊ करडी राख उरली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम.

कच्ची लोकर वाटून घेणार असाल तर वजनावर भाव करताना लक्षात ठेवा, धुतल्यावर ती ३० ते ५० टक्के घटते. वाटणी धुण्याआधी की नंतर, हे गठ्ठा सोडण्यापूर्वी ठरवा. आणि कोणाचं पिंजण यंत्र उसनं आणलंत तर त्यात न धुतलेली चिकट लोकर घालू नका. दात चिकटतात, मग मालकीणबाई पुढच्या वेळी यंत्र ‘दुरुस्तीला गेलंय’ म्हणतात.

काम दाखवताना

बैठकीच्या शेवटी कामं मांडली जातात. तुमचं ठेवा, वाकड्या काठासकट, पण नेमका प्रश्न विचारा. ‘कसं झालंय?’ याला ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘डावा काठ २० सेंटिमीटरनंतर आत का गेलाय?’ असं विचारलंत की तीन जण वाकून बघतील, एक जण भिंग काढेल. दुसऱ्याच्या कामावर बोलताना त्याने विचारलं तेवढंच बोला. आणि कोणाचा आराखडा उतरवून घेण्याआधी, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. त्यावरून विणलेलं विकणार असाल तर तेही आधीच सांगा.

जवळ गटच नसेल तर तीन माणसं पुरतात: ताणा धरायला एक, रूळ फिरवायला एक, आणि कागद सारायला एक. जागा ठरवण्याआधी वार आणि वेळ ठरवा, आणि पहिल्या दोन महिन्यांत एखाद्या दिवशी एकच जण आला तरी बैठक रद्द करू नका. पहिली खरेदी मागाची नको. ताणा भरायची चौकट, फळी आणि खुंट्या घेऊन कोणत्याही सुताराकडून होते, आणि ती असली की घरोघरी अडगळीत पडलेले माग आपोआप बाहेर यायला लागतात.